टोन जुळला नाही

त्या रविवारी सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी माझ्या लॅपटॉपने ‘टिंग’ केलं, तेव्हा मी मेथी निवडत होते. पडद्यावर एक ओळ उमटली होती: सिग्नल आला. टोन जुळला नाही.

मी हसले. खोटं कशाला बोलू, अगदी मनापासून हसले.

“या डुंबरे,” मी मेथीच्या जुडीला म्हणाले, “बोंबला आता.”

लगेच दुसरी टिंग. मग तिसरी. मी पालेभाजी बाजूला ठेवून चष्मा लावला आणि ओळी वाचल्या. तिन्ही वेळा तोच निकाल. आंबेदऱ्याची यात्रा होती, अकरा वाजता घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाड्यांची पहिली बारी सुटणार होती, आणि महादू डुंबरे हातात वायरलेस घेऊन समालोचनाला उभे राहिले असणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती.

आमचा रिपीटर गवळदेवाच्या डोंगरावर आहे. रिपीटर म्हणजे उंचावर ठेवलेलं एक वायरलेस यंत्र. हातातल्या छोट्या सेटचा आवाज दोन टेकड्यांपलीकडे जात नाही. रिपीटर तो क्षीण आवाज ऐकतो आणि त्याच क्षणी जोरात पुन्हा हवेत सोडतो, मग तो तालुकाभर ऐकू येतो. मात्र कोणाचंही ऐकायचं नाही, म्हणून एक टोन ठरवलेला असतो. आपल्या बोलण्याखाली सेट तो बारीक सूर पाठवत राहतो. सूर जुळला तर रिपीटर तुमचं बोलणं पुढे पाठवतो, नाही जुळला तर तुम्ही घसा फोडा, तो ढिम्म.

आम्ही हौशी रेडिओवाले, सगळे मिळून सात जण. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेली मी त्यातली जाणकार, म्हणून रिपीटरच्या चाव्या माझ्याकडे. डोंगरावर मोबाईलची रेंज होती, तिथे एक सिमकार्ड बसवून मी घरबसल्या त्याचे कान पिळू शकत होते. मोबाईलवर एक ॲप आहे. तुम्ही जिथे उभे असाल तिथून जवळचे रिपीटर ते दाखवतं: नाव, अंतर, फ्रिक्वेन्सी, टोन. आमच्या रिपीटरची नोंद त्यात मीच केली होती आणि ती बदलायचा अधिकारही माझाच होता. ‘नलिनी पोखरकर, जुन्नर’ असं नाव त्या नोंदीखाली दिसायचं. मला ते आवडायचं.

डुंबऱ्यांबद्दल खरं सांगायचं, तर रिपीटर बसवला तेव्हा दोन्ही बॅटऱ्या त्यांनी डोक्यावर वाहून डोंगरावर नेल्या होत्या. आम्ही बाकीचे हात हलवत, धापा टाकत मागून गेलो. माणूस आंबेदऱ्याचा शेतकरी, साठीचा, तोंडाने अखंड चालू. साठाव्या वर्षी अभ्यास करून त्यांनी परवान्याची परीक्षा दिली, तीही दुसऱ्याच खेपेला पास झाले. आणि परवाना हातात पडल्यापासून आम्हाला उसंत नव्हती. कोणाची गाय व्याली, कुठल्या वळणावर एसटी बंद पडली, सगळं रिपीटरवर. मी म्हणायचे, “डुंबरे, आटोपतं घ्या.” ते म्हणायचे, “घेतलं मॅडम, घेतलं,” आणि पुढे पाच मिनिटं.

बैलगाड्यांच्या शर्यती बऱ्याच वर्षांनी पुन्हा सुरू झाल्या आणि सगळंच हाताबाहेर गेलं. शेजारच्या गावच्या यात्रेत डुंबऱ्यांनी सव्वादोन तास रिपीटरवर समालोचन केलं. “झाली झाली झाली, भिर्र्र्र!” परवान्याच्या नियमांत हे बसत नाही. हौशी रेडिओ गप्पांसाठी आहे, प्रक्षेपणासाठी नाही. नाशिकच्या एका हौशी रेडिओवाल्या गृहस्थांनी मला फोन करून दोन शब्द सुनावले. मी डुंबऱ्यांना चार सुनावले. ते चिडून म्हणाले, “रिपीटर काय तुमी माहेरून आनलाय का?”

जिने लग्नच केलं नाही तिला हे ऐकावं लागलं. मी फोन ठेवला, लॅपटॉप उघडला आणि टोन बदलला. जुना होता अठ्ठ्याऐंशी पॉइंट पाच, नवा केला एकशे तेवीस. पाच जणांना फोन करून, एक प्रयोग चाललाय म्हणून, नवा आकडा सांगितला. सातव्या माणसाला सांगितला नाही. डुंबऱ्यांच्या भाच्याने त्यांच्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं होतं. त्यात दिसेल तो आकडा सेटमध्ये भरायचा, एवढंच त्यांना येत होतं. तेव्हा ॲपमध्ये जुनाच आकडा राहू दिला. यात्रांचा हंगाम उरकेपर्यंत बसू देत मुके, असा हिशोब. नियम माझ्या बाजूने होता, आणि नियम बाजूने असला की माणसाला आपण चांगले आहोत असंच वाटत राहतं.

यात्रेच्या तीन दिवस आधी ॲपने मला विचारलं होतं: आपण दिलेली माहिती अजून बरोबर आहे का? ‘नाही’ म्हटलं तर नवा टोन भरावा लागला असता, आणि तो डुंबऱ्यांना दिसला असता. मी ‘हो’ दाबलं. नोंदीपुढे हिरवी खूण आली आणि त्या दिवसाची तारीख.

तर आता अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि टिंग टिंग चालूच होती. दहा-बारा सेकंदांचा सिग्नल, मग शांतता, मग पुन्हा. एकदा तर जेमतेम दोन सेकंदांचा. मला त्याचा राग यायला लागला. म्हातारा हट्टाला पेटलाय, सेट बडवत असेल, शेजारच्याला म्हणत असेल, थांब रे, लागंल आत्ता. सव्वाअकराला मी उठले आणि लॅपटॉपचा आवाज बंद केला. मेथी धुतली. कुकर लावला. येता जाता पडद्याकडे पाहत होते, ओळी वाढत होत्या.

अकरा सव्वीसला मोबाईल वाजला. पडद्यावर नाव होतं: डुंबरे.

“मॅडम, नमस्कार! रागावला नाय ना?” मागे लाउडस्पीकरचा कल्ला, हलगीचा आवाज. “आवो, जेवाया या की. मासवडी केलीया घरी. त्या दिशी बोललो ते काय मनावर घेऊ नका, आपलं तोंड असं फाटकं. भाच्याला गाडी घिऊन धाडतो.”

मी काही बोलणार तेवढ्यात लॅपटॉपवर नवी ओळ उमटली. सिग्नल आला. टोन जुळला नाही.

मी ओळ वाचली, पुन्हा वाचली.

“डुंबरे,” मी विचारलं, “आत्ता तुमच्या हातात सेट आहे?”

“कशाचा सेट? तो घरी खुंटीला हाये. धा-बारा दिस झालं मुकाच पडलाय. रोज बोलतो, कोन बी उत्तर देत नाय. तेच म्हनत होतो, जेवाया आलात म्हंजी जरा बघाल…”

“भाच्याकडे आहे? दुसऱ्या कोणाकडे?”

“नाय वो. खुंटीलाच हाये.”

बाकीच्या पाचही जणांकडे नवा टोन होता. मग जुन्या टोनवर बावीस मिनिटं कोण बोलत होतं?

“फोन ठेवू नका,” मी म्हणाले. “काही झालं तरी ठेवू नका.”

टोनची अटच काढून टाकायची आज्ञा मी रिपीटरला दिली. डोंगरावरचं सिमकार्ड संथ होतं. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. मी टेबल धरून उभी होते. कुकरची शिट्टी झाली आणि मी दचकले. चाळीसेक सेकंदांनी ‘झालं’ असं आलं. मी माझ्या रेडिओचा आवाज पूर्ण वाढवला. काही नाही. नुसती खरखर.

बोल, मी मनात म्हणत होते. जो कोणी आहेस, आणखी एकदा बोल.

“…कोणी ऐकतंय का. दावणगडावरून. कोणीतरी… प्लीज…”

मुलीचा आवाज होता, आणि तो पार बसला होता.

“ऐकते आहे,” मी माईक घट्ट धरून म्हणाले. “जुन्नरहून बोलते, नलिनी पोखरकर. तुझं नाव सांग.”

पलीकडे हुंदका. मग ती एकदम बोलायला लागली. तेजल वायाळ, चिंचवडची. बरोबर तिचा मोठा भाऊ सुमेध. दोघेच. दावणगडाच्या कड्यातलं आग्या मोहोळ उठलं होतं. दोघं पळत कातळातल्या गुहेत शिरले होते, पाण्याच्या टाक्याजवळच्या. माशा अजून बाहेर घोंगावत होत्या. तिला वीसेक चावल्या होत्या, भावाला मोजता येणार नाहीत इतक्या.

“शुद्धीवर आहे का तो?”

“आहे. तोंड खूप सुजलंय. डोळे उघडत नाहीत. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतोय.”

“किती वेळ झाला?”

“अकरा वाजल्यापासून मी तुम्हालाच बोलावतेय,” ती म्हणाली. “अकरा वाजल्यापासून.”

हे मी कागदावर लिहिलं नाही. बाकी सगळं लिहिलं.

मोबाईल कानाला लावला. डुंबरे रेडिओचा आवाज फोनमधून ऐकत होते. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

“दावनगड आमच्या डोक्यावरच हाये, मॅडम. शर्यतीसाठी आंबुलन उभी हाये घाटात, नियमच हाये तसा. डागदर बी हाये.” आणि मग फोन तोंडापासून लांब गेला, आणि लाउडस्पीकरवर त्यांचा आवाज दुमदुमला. सव्वादोन तास मी ज्याला शिव्या दिल्या होत्या तोच आवाज. “बारी थांबवा! बैल सोडू नका! दावनगडावर पोरं अडकल्यात, मोहोळ उठलंय! घोंगड्या घ्या, गवऱ्या घ्या, धूर केल्याबगर वर जाता येनार नाय! धा जन माझ्यामागं!”

हजारो माणसांचा घाट गप्प झाला. ते मला फोनमधून ऐकू आलं.

तेजलला मी सांगितलं, मदत निघाली आहे, रुग्णवाहिका आहे, डॉक्टर आहे. गुहेच्या आतच राहा. भावाला टेकवून बसव, झोपवू नकोस. ती म्हणाली, बॅटरीची एकच काडी उरली आहे. मी म्हणाले, मग तू कमी बोल, मी बोलते. पण मला बोलायला सुचेना. तीस वर्षं मुलांना रेझिस्टरचे रंग शिकवणारी बाई मी. घाबरलेल्या पोरीशी काय बोलायचं असतं?

तेवढ्यात रिपीटरवर तिसरा आवाज आला.

“मॅडम! मॅडम, माजा सेट चालू झाला! वाटंत घरी शिरून खुंटीवरून काढला अन् आपोआप चालू झाला! देवाची करनी बघा!”

त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मला माईकचं बटण दाबता येईना.

“ऐकतेय,” शेवटी मी म्हणाले.

“पोरी, तेजल ना तू? म्या महादू डुंबरे. आंबेदऱ्याचा. आत्ता पायथ्याला पोचतोय जीपगाडीनं. तुला काय बोलायचं नाय, नुसतं आयकायचं. आमची मानसं हा गड वीस मिंटात चढत्यात. गुरं राखलीत आमी तितं. तुझ्या गुव्हंत म्या ल्हानपनी झोपायचो…”

आणि ते बोलत राहिले. चढताना दम लागत होता तरी बोलत राहिले. त्यांच्या राजा-सर्जा बैलांबद्दल, सर्जा रेडिओचा आवाज ऐकला की कान कसे टवकारतो त्याबद्दल, मासवडीत सारण किती घालतात त्याबद्दल. नियमात बसणारं एकही वाक्य त्यात नव्हतं. मी माईक खाली ठेवून ऐकत होते. मधूनमधून तेजल बटण दाबून नुसतं “हं” म्हणायची. त्या ‘हं’मध्ये धीर येत चालला होता. बारा वाजता मला पहिल्यांदा वाटलं की सगळं ठीक होईल. तसं वाटलं, आणि त्याच वेळी हेही वाटलं की मग कोणाला काही सांगावं लागणार नाही. हेही मी लपवत नाही.

बारा वाजून चार मिनिटांनी तेजल मध्येच बोलली.

“मॅडम, शिट्टीसारखा आवाज थांबला. दादा शांत झालाय. आता बरं वाटत असेल का त्याला?”

डुंबरे थांबले. उत्तर मला द्यायचं होतं.

“त्याच्या नाकाशी हात धर,” मी म्हणाले. “छातीकडे बघ. हलतेय का?”

“नाही हलत. मॅडम, नाही हलत.”

“आडवा कर त्याला. उताणा. छातीच्या मधोमध दोन्ही तळवे, एकावर एक. पूर्ण वजन टाकून दाब. माझ्याबरोबर मोज. सेट खाली ठेव, मी मोजते, तू दाब. एक, दोन, तीन…”

मी मोजत राहिले. ती दाबते आहे की नाही, ऐकते आहे की नाही, कळायला मार्ग नव्हता. तीसपर्यंत मोजायचं, पुन्हा एकपासून. दहा-अकरा वेळा मोजल्यावर मी विचारलं, “तेजल?” उत्तर नाही. बॅटरी संपली होती. तरी मी मोजत राहिले. थांबले तर काय होईल याची मला भीती वाटत होती.

बारा वाजून एकोणीस मिनिटांनी डुंबऱ्यांचा आवाज आला. बारीक आवाज, मी त्यांचा कधी ऐकला नव्हता असा.

“मॅडम. पोचलो.”

मी वाट पाहिली. मागे माणसांचे आवाज, कोणीतरी ‘धूर इकडं’ म्हणत होतं.

“पोरगी बरी हाये,” ते म्हणाले. “पोरगीला काय झालेलं नाय.”

मुलाबद्दल ते काहीच बोलले नाहीत. मी रेडिओ बंद केला आणि गॅसही बंद केला. कुकरमधला भात करपला होता.

पुढे वर्तमानपत्रात आलं, हौशी रेडिओमुळे तरुणी सुखरूप. माझा आणि डुंबऱ्यांचा फोटो छापला. नाशिकच्या त्याच गृहस्थांनी अभिनंदनाचा फोन केला. टोन मी त्याच संध्याकाळी परत जुना करून टाकला होता, पाच जणांना कळवलं की प्रयोग संपला. कोणी काही विचारलं नाही. लॅपटॉपवर एकतीस ओळी होत्या. त्या मी पुसल्या नाहीत, आणि पुन्हा उघडूनही पाहिल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, अर्धा तास आधी इंजेक्शन मिळतं तर मुलगा वाचता. कोणाला दोष देण्यासाठी नव्हते म्हणाले ते, डॉक्टर बोलतात तसं बोलले.

दोन महिन्यांनी, एका गुरुवारी दुपारी, डुंबरे दारात उभे राहिले. मागे तेजल. एसटी स्टँडवरून तिने माझा पत्ता विचारायला त्यांना फोन केला होता, तर ते मोटरसायकल घेऊन थेट न्यायलाच गेले.

“घ्या मॅडम, तुमची पाहुनी,” ते म्हणाले आणि पंख्याखाली बसले.

मुलगी वाळली होती. गालावर, हातांवर काळपट डाग होते. ती पाणी प्यायली, तिने पिशवीतून तो सेट काढला, टेबलावर ठेवला आणि वही उघडली. विद्यार्थिनीसारखी बसली माझ्यासमोर.

“मॅडम, हा तपासून द्याल का? माझं कुठे चुकलं ते मला बघायचंय.”

मी सेट चार्जरला लावला. चालू केला. एक एक गोष्ट पाहत गेले. फ्रिक्वेन्सी बरोबर. बोलायच्या आणि ऐकायच्या फ्रिक्वेन्सीतलं अंतर बरोबर. टोन, अठ्ठ्याऐंशी पॉइंट पाच. परवाना मिळून तीन महिने झालेल्या मुलीने एकही चूक केली नव्हती.

“आदल्या रात्री मी सगळं घरूनच भरून घेतलं होतं,” ती म्हणाली. “मला वाटतं मी बटण नीट दाबत नसेन. किंवा गुहेमुळे. आतून लागत नाही म्हणून मी दर वेळी तोंडाशी यायचे, बाहेर हात काढून बोलायचे. माशा चावायच्या, की मग आत. पण तरी लागलं नाही. मग अकरा सव्वीस-सत्तावीसला अचानक लागलं. मी वेगळं काय केलं तेव्हा, तेच आठवत नाही.” ती वहीकडे बघत होती. “आई म्हणते, तुला येत नव्हतं तर कशाला भरवसा दिलास त्याला. रागाने नाही म्हणत. पण म्हणते.”

“आगं, यंत्राचं काय खरं असतंय,” डुंबरे म्हणाले. “माजा सेट बी तवा बारा दिस बंद व्हता, अन् त्याच टायमाला सुरू झाला. त्या दिसांत हवाच खराब असंल. का वो मॅडम?”

दोघंही माझ्याकडे बघत होते. डुंबऱ्यांनी किती सरळ मनाने मला वाट काढून दिली होती! नुसतं ‘असेल’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. बॅटरी, हवामान, डोंगराची आड. तीस वर्षं शिकवलं होतं मी, माझ्यावर दोघांचाही विश्वास होता. आणि ती पोरगी जन्मभर ते बटण दाबत राहिली असती.

“सेटमध्ये दोष नाही,” मी म्हणाले. “तुझ्यातही नाही. टोन मी बदलला होता. बारा दिवस आधी.”

“पण ॲपमध्ये तर…”

“ॲपमध्ये मी बदलला नाही. मुद्दाम नाही बदलला.”

“का?”

मी डुंबऱ्यांकडे पाहिलं. “यांना बाहेर ठेवायला. हे रिपीटरवर बैलगाड्यांचं समालोचन करायचे.”

सगळं कारण एवढंच होतं. मोठ्याने सांगायला पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत.

डुंबऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांच्याकडे बघण्याची मला लाज वाटली.

तेजल रडली नाही. ओरडलीही नाही. वहीच्या कोऱ्या पानाकडे बघतच ती बोलली.

“सुरुवातीला दादाला बोलता येत होतं. तो म्हणाला, तेजू, वर माथ्यावर जा, तिथे रेंज आहे, मघाशी आईला फोटो पाठवला ना आपण. दहा मिनिटांची चढण होती. घोंगडीसारखी चादर होती आमच्याकडे, पांघरून गेले असते. दोनदा म्हणाला तो. मी त्याला म्हटलं, थांब, तुला एकट्याला सोडून नाही जात. रिपीटर जवळ आहे. तीन दिवसांपूर्वीच तपासलंय त्यांनी, लागेलच.”

‘मला माफ कर’ हे शब्द तोंडाशी आले, पण ते तिच्याकडून काहीतरी मागणं झालं असतं.

तिने सेट उचलला, वही मिटली, दोन्ही पिशवीत ठेवलं. उभी राहिली. मला वाटलं, ती आता जाईल आणि पुन्हा कधी दिसणार नाही. पण ती उभीच होती.

“मॅडम,” ती म्हणाली, “हे तुम्ही माझ्या आईला सांगाल?”

“सांगेन.”

“फोनवर नको.”

“नाही, फोनवर नाही,” मी म्हणाले. “आत्ता येते.”

पुण्याची एसटी पाचला होती. डुंबऱ्यांनी आधी तिला स्टँडवर सोडलं आणि मग, मी सांगितलं नसताना, मला न्यायला परत आले. वाटेत ते एक अक्षर बोलले नाहीत. स्टँडवर मी उतरले तेव्हा त्यांनी गाडी बंद केली, थोडं थांबले, आणि म्हणाले, “मला निस्तं सांगितलं असतं मॅडम, तर मी गप बसलो असतो.” मग किक मारून गेले.

एसटीत तेजल माझ्या शेजारी बसली नाही. दोन सीट पुढे, खिडकीशी बसली. चिंचवडला उतरून आम्ही चालत गेलो, ती पुढे, मी मागे. दुसरा मजला. बेल तिने वाजवली नाही, बाजूला सरून माझ्यासाठी जागा केली.

मी वाजवली. दार तिच्या आईनेच उघडलं. आधी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फोटोवरून ओळखलं असावं, कारण त्या एकदम म्हणाल्या, “तुम्हीच ना त्या? या ना, आत या.” आणि नमस्काराला वाकायला लागल्या.

मी त्यांचे दोन्ही हात धरले. चपला काढल्या नाहीत. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहूनच बोलायला सुरुवात केली.